कडुनिंबापासून नळापर्यंत

११ नोव्हेंबर १९७३, रविवार

गिरिजाला जाऊन दोन महिने झाले. पहाटे चारला जाग येतेच. आठ महिने ती अंथरुणाला खिळून होती, त्या वेळेला तिची कूस बदलत होतो, हाताला सवय लागली आहे. आजही हात उशीकडे गेला. मग आठवलं आणि पडून राहिलो.

दुपारी आमचा शिवयोगी त्याच्या बँकेतल्या एका खातेदाराला घरी घेऊन आला. कुंडलिकशेठ, मूळचे नातेपुत्याचे, इथे मार्केट यार्डात आडत आहे. अक्कलकोट रोडला त्यांच्या ट्रस्टचं वृद्धनिवास आहे. सरकार माणशी अनुदान देतं, म्हणून बाहेरचा एक भेट-सदस्य लागतो. त्याने आठवड्यातून एकदा जायचं, राहणाऱ्यांची विचारपूस करायची आणि शेरा लिहायचा. आधीचे सदस्य डोळ्यांमुळे थांबले. शेठ म्हणाले, "तुम्ही मिलमध्ये पस्तीस वर्षं कारकुनी केली, असा चोख माणूस मला कुठं मिळणार?" शिवयोगी म्हणाला, "अप्पा, घरात बसून काय करणार? जाऊन तर बघा."

हो म्हणालो. नाही म्हटलं असतं तर जास्त बोलावं लागलं असतं.

१४ नोव्हेंबर, बुधवार

जाऊन आलो. बस शेवटच्या थांब्याला सोडते, पुढे चालावं लागतं. दगडी जोत्यावर एक लांब हॉल, त्याला पत्रे. समोर अंगणात कडुनिंब, त्याच्यासमोर पलीकडच्या कुंपणाशी नळ. नळाच्या मागे सरपणाची खोली. गेटजवळ एक लहान खोली रिकामी आहे, तिला कार्यालय म्हणतात. राहणारे वीसजण, बायका जास्त. सगळं काम एकट्या बजाबाई करतात. स्वयंपाक, झाडलोट, औषध, सगळं.

दुपारी मिलोच्या भाकरी आणि डाळ होती. घरीही रेशनची तीच लाल ज्वारी खातो, तेव्हा त्याबद्दल काय लिहिणार.

ओसरीवर एक म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. चंद्रव्वा. अक्कलकोटच्या बाजूची. पूर्वी मराठी यायची म्हणतात, आता फक्त कानडी उरली आहे. मला बघून म्हणाली, "यावाग बंद्रि?" म्हणजे कधी आलात. मी कानडीतच सांगितलं की मी राहायला आलेलो नाही, पाहायला आलो आहे. तिने सरकून माझ्यासाठी शेजारी जागा केली.

करकंबच्या दगडाबाई जवळच तांदूळ निवडत होत्या. त्यांनी कानडी न कळताही ओळखलं. म्हणाल्या, "समदे पाहायलाच येत्यात की, अप्पा. म्या बी पाहायलाच आलती. पाच वर्सं झाली, अजून बघतीयाच."

शेरा लिहिला: स्वच्छता बरी. अन्न रेशनप्रमाणे.

१८ नोव्हेंबर, रविवार

शिवयोगीने जेवताना वृद्धनिवासाबद्दल बरंच विचारलं. हॉलमध्ये उजेड आहे का, संडास किती लांब आहे, डॉक्टर किती दिवसांनी येतो, माणसं आपल्यातली आहेत का. हिशेबापलीकडे त्याला कशात रस आहे असं मला आजवर वाटलं नव्हतं. बरं वाटलं. सूनबाई महादेवी मात्र मध्येच उठून आत गेली. तिला सातवा महिना आहे, जेवण जात नाही.

२१ नोव्हेंबर, बुधवार

आज सरपणाच्या खोलीत एक माणूस सापडला.

नळावर हात धुवत होतो तेव्हा आतून खोकल्याचा आवाज आला. दाराला बाहेरून कडी. उघडलं तर लाकडांच्या शेजारी पोत्यांवर एक म्हातारा. ईरप्पा. कमरेखालची शक्ती गेली आहे. पाठीला आणि माकडहाडाला जखमा. तो वास मला माहीत आहे.

बजाबाई धावत आल्या. "कडी कुत्र्यासाटी लावतीय, अप्पा. दुसरं काय मनात आणू नगा." मग त्यांनी जे सांगितलं ते असं. अनुदान फक्त चालत्या-फिरत्या वृद्धांसाठी आहे. जो आपलं आपण करू शकत नाही त्याला इथे ठेवायचं नाही, सिव्हिलला पाठवायचं. सिव्हिलवाले तपासून परत पाठवतात, की याला आजार नाही, हे वय आहे. दरवर्षी समाजकल्याणचे निरीक्षक येतात. कडुनिंबाखाली खुर्ची टाकून बसतात आणि प्रत्येकाला कडुनिंबापासून नळापर्यंत चालायला लावतात. नळाला हात लावून परत यायचं. जो पडून आहे तो त्या दिवशी सरपणाच्या खोलीत. विचारलं तर सांगायचं, गाणगापूरला दर्शनाला गेलेत. एखादा गैरहजर चालतो.

"आणि पाहणी नसते तेव्हा?" मी विचारलं.

"तवा हॉलात वास येतो म्हनून बाकीची भांडत्यात. मंग हितंच."

दगडाबाई हॉलमधूनच ओरडल्या, "आमचं गानगापूर लांब न्हाय अप्पा, नळाच्या मागंच हाय!" हॉलमधले दोघे-तिघे हसले. मला हसू आलं नाही. पण त्यांचा रागही आला नाही.

ईरप्पाची कूस बदलली. त्याने माझं मनगट धरून ठेवलं होतं. शेवटची बस चुकली, चालत आलो.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

शेठांच्या आडतीवर गेलो. जे पाहिलं ते शेऱ्यात लिहिणार आहे म्हणालो. ते चिडले नाहीत. चहा मागवला. म्हणाले, "लिहा. खरं आहे ते. ते वाचून साहेब अनुदान बंद करतील, मी कुलूप लावीन. अनुदान वीस माणसांना मिळतं, एकोणीस झाले तरी थांबवतात, असा नियम आहे. मग हे वीसजण कुठं जातील ते तुम्ही सांगा, शंकरप्पा. तुम्ही सांगाल तिथं माझ्या जीपने सोडतो."

चहा संपवून घरी आलो. शेऱ्याचं पान कोरं आहे.

गिरिजाच्या वेळी सिव्हिलचे डॉक्टर म्हणाले होते, आता औषधाचं काम नाही, सेवेचं आहे, घरी न्या. मी नेलं. ज्याला घर नाही त्याला ते काय सांगतात हा विचार तेव्हा मनात आला नव्हता.

५ डिसेंबर, बुधवार

आता आठवड्यातून तीनदा जातो. ईरप्पासाठी घरातल्या दोन जुन्या उशा नेल्या. गुडघ्यांच्या मध्ये एक आणि पाठीमागे एक कशी लावायची ते बजाबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय अप्पा, पर दोन हात हायेत." ते बरोबर आहे. तरी त्यांनी लावल्या.

मला एक सुचलं आहे. जो चालतो तो त्या खोलीत जात नाही. म्हणजे सगळ्यांना चालतं ठेवलं पाहिजे. आजपासून उन्हं आल्यावर कडुनिंबापासून नळापर्यंत सराव सुरू केला. दगडाबाई म्हणाल्या, "म्हातारपनी साळा! मास्तर, छडी कुटं हाय?" पण पहिल्या त्याच उठल्या. नळाला हात लावून त्यांनी तिथे उभं राहून सगळ्यांना पदर हलवून दाखवला.

चंद्रव्वाला काठी दिली. तिने ती भिंतीला टेकवून ठेवली. काठी घेतली तर साहेब काय म्हणेल, असं कानडीत म्हणाली. सगळं विसरते, साहेब विसरत नाही. माझ्या खांद्याला धरून गेली आणि आली. आल्यावर मला म्हणाली, "यावाग बंद्रि?"

१२ डिसेंबर, बुधवार

ईरप्पा काल संध्याकाळी गेला. नातेवाईक कुणी नाही. बाळीवेशीतून जंगम आणला. आपल्या लिंगायतांत बसवून पुरतात, त्याला चार माणसं लागतात. शेठांनी जीप आणि दोन हमाल दिले, तिसरा ड्रायव्हर, चौथा मी. गळ्यातली करडगी, लिंगाची डबी, उघडून लिंग त्याच्या डाव्या तळव्यात ठेवलं आणि बोटं मिटवली. गिरिजाची बोटं मिटवायला शिवयोगीने मदत केली होती. ईरप्पाची आपोआप मिटली.

शेठ स्वतःही आले होते. माती टाकून झाल्यावर हात झटकत म्हणाले, "एकोणीस राहिले."

१६ डिसेंबर, रविवार

शिवयोगीची बदली झाली. अमरावती. बढतीवर आहे, नाकारता येत नाही. महादेवीला ते बरोबर नेतील, बाळंतपणाला तिची आई तिकडे येणार आहे. क्वार्टर किती खोल्यांचं मिळेल माहीत नाही. म्हणाला, "अप्पा, आधी आम्ही जाऊन बस्तान बसवतो, मग तुम्हाला नेतो." ते योग्यच आहे. सामान लावायच्या गडबडीत म्हाताऱ्याची अडचण होते.

महादेवीने माझे कपडे वेगळ्या ट्रंकेत भरले. सामानात मिसळायला नकोत म्हणून. ट्रंकेवर पेंटरकडून माझं नावही घालून घेतलं आहे, पांढऱ्या अक्षरात. मिलमध्ये चादरींच्या गाठींवर असंच नाव घालत असू, माल कुणाचा आणि कुठे जायचा ते. इथे फक्त नाव आहे, गाव नाही. पेंटर विसरला असेल.

२० डिसेंबर, गुरुवार

चंद्रव्वा पडली.

सराव चालू होता. ती नळापर्यंत छान गेली, खांदा न धरता. परत आली आणि टेकणार तोच मी म्हणालो, आणखी एकदा. ती नाही म्हणाली नाही. ती कुणालाच नाही म्हणत नाही. अर्ध्या वाटेवर पाय वळला आणि कमरेवर बसली. आवाज मोठा आला नाही.

टांग्यातून सिव्हिलला नेलं. खुब्याचं हाड मोडलं आहे. या वयात काही करता येणार नाही, पडून राहू द्या, म्हणाले. मी म्हणालो, तिला ठेवून घ्या. डॉक्टर तरुण होता, वाईट नव्हता. म्हणाला, "बाबा, खाली सतरंजीवर पेशंट आहेत. हिला हाड जुळेल म्हणून किती महिने ठेवू?" तोच टांगा थांबलेला होता.

गेटातून आत आणलं तेव्हा बजाबाई उभ्या होत्या. "आता कुटं ठिवू, अप्पा? तुमीच सांगा."

टांगेवाल्याने आणि मी तिला सरपणाच्या खोलीत नेलं. तिथे ईरप्पाची पोती होती, ती काढून माझ्या दोन उशा ठेवल्या.

जमीन ओली होती का ते उद्या बघावं लागेल. ओल असेल तर पाय घसरतो.

२१ डिसेंबर, शुक्रवार

जमीन कोरडी होती.

२६ डिसेंबर, बुधवार

थंडी फार आहे. सराव बंद केला. दगडाबाई म्हणाल्या, "का वो मास्तर, सुट्टी लागली का साळेला?" मग माझ्याकडे बघून आत गेल्या. थोड्या वेळाने येऊन म्हणाल्या, "म्हातारी पडायचीच हुती कवा ना कवा. तुमी जिवाला लावून घेऊ नगा." त्यांनी असं म्हणायला नको होतं.

मी सकाळी सात आणि दुपारी चार अशी कूस बदलतो. बाकी वेळ बजाबाईंच्या हातात. माकडहाडाजवळ लाल झालं आहे. अजून फुटलं नाही. अजून पंधरा दिवस हे असंच चाललं तर फुटेल. मग काय होतं ते मला ठाऊक आहे.

दर वेळी दार उघडलं की तेच विचारते, कधी आलात. मी दर वेळी तेच सांगतो, राहायला नाही, पाहायला येतो. ती दर वेळी अंथरुणावर हाताने चाचपून मला बसायला जागा करते.

३० डिसेंबर, रविवार

कुंडलिकशेठ घरी आले होते. शिवयोगीशी आत बसून बराच वेळ बोलले. नंतर मला म्हणाले की रोज जाण्या-येण्यापेक्षा शिवयोगी गेल्यावर मी कार्यालयाच्या खोलीतच मुक्काम करावा. त्यामुळे देखरेख चांगली होईल. खाट आहे, दिवा आहे. मी म्हणालो, "इथल्या खोल्यांचं काय?" शिवयोगी म्हणाला, मालकाला सांगितलं आहे, रिकाम्या घराचं भाडं कशाला भरायचं.

मला पटलं. अमरावतीला जाईपर्यंत चंद्रव्वाजवळ राहता येईल. पहाटेचंही जमेल.

बजाबाई आज दुपारी विचारत होत्या, अप्पा, सकाळी दूध घेता का चहा, मिठाचं पथ्य आहे का. चांगली बाई आहे.

४ जानेवारी १९७४, शुक्रवार

काल गाडीवर पोचवायला गेलो. शिवयोगीने माझ्या खिशात पाकीट घातलं, मी काढून परत दिलं, त्याने पुन्हा घातलं. गाडी हलेपर्यंत तो हमालाशीच बोलत होता. महादेवी पाया पडली आणि पायांवरून डोकं उचलेना. महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न आहे, एवढं रडायचं काय. मी तिला तसं म्हणालो, तर जास्तच रडायला लागली. या दिवसांत बायकांचं मन हळवं होतं.

स्टेशनवरून टांगा घरी न्यायला सांगितला. टिळक चौकाच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं. मग अक्कलकोट रोडला वळवला. ट्रंक आधीच येऊन पडली होती.

पहाटे चारला उठून सरपणाच्या खोलीत गेलो. चंद्रव्वा जागी होती. कूस बदलली.

९ जानेवारी, बुधवार

उद्या पाहणी. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत साहेबांना बंदोबस्ताच्या मीटिंगा असतात, म्हणून यात्रेआधी उरकणार आहेत.

शेठ संध्याकाळी आले. हॉल धुवून घेतला, चुना मारला. चंद्रव्वाला जखम झाली आहे, मी त्यांना दाखवली. ते दारातच उभे राहिले. म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ द्या, मग डॉक्टर आणतो." मग मला बाजूला घेतलं. "शंकरप्पा, एक अडचण आहे. ईरप्पा गेल्यामुळे एकोणीस आहेत. चंद्रव्वा गाणगापूरला. वीस झाले नाहीत तर साहेब तिथल्या तिथं लाल शाई मारेल. उद्या तुम्ही ओळीत उभे राहा. तुम्ही इथं मुक्कामाला आहातच, खोटं असं काही नाही."

मी म्हणालो, "मी भेट-सदस्य आहे."

"साहेब नवीन आहे. त्याला कुठं माहीत?"

मला हे आवडलं नाही. पण एकोणीसजण रस्त्यावर येण्यापेक्षा एका दिवसाचं खोटं परवडेल, असं वाटलं. थकलोही होतो. हो म्हणालो.

१० जानेवारी, गुरुवार

साहेब साडेदहाला आले. तरुण आहेत, चष्मा आहे. कडुनिंबाखाली खुर्ची-टेबल. सगळे धुतलेले कपडे घालून ओसरीवर ओळीत. सकाळपासून धावपळीत चंद्रव्वाकडे जायला शेठांनी कुणाला सोडलं नव्हतं. मी पहाटे चारला गेलो होतो, त्यानंतर कुणी नाही. कडी बाहेरून.

शेठ नाव पुकारत, साहेब मान हलवत, माणूस चालत जाऊन नळाला हात लावून परत येई. दगडाबाई आल्या आणि म्हणाल्या, "सायेब, अजून एक डाव जाऊ का? सराव लई झालाय." साहेब हसले. शेठही हसले. बाकीचे हसले नाहीत, ते आपापल्या पायांकडे बघत होते.

मग माझं नाव. शेठ भराभर बोलले, "शंकरप्पा. पत्नी वारल्या. एक मुलगा, शिवयोगी, बँकेत, बदली अमरावती. मुलाची संमती आहे. प्रकृती ठणठणीत." व्यापाऱ्याच्या डोक्यात सगळं कसं तयार असतं. एका रात्रीत रचलेलं, पण एक शब्द अडखळला नाही.

मी चालू लागलो. आयुष्यात इतके लोक माझ्याकडे बघत असताना कधी चाललो नव्हतो. नळाला हात लावला. गार होता. तिथून सरपणाचं दार चार पावलांवर आहे. माझी पावलं वाजली असतील, कारण आतून चंद्रव्वाचा आवाज आला. मोठा नव्हता. नेहमीचंच विचारत होती, कधी आलात.

अकरा वाजून गेले होते. सात तास एका कुशीवर.

शेठ म्हणाले, "झालं शंकरप्पा, या परत."

मला हाक मारली की परत फिरायची सवय आहे. पस्तीस वर्षं मिलच्या भोंग्यावर गेलो आणि आलो. पण पाय वळले नाहीत. मी दाराशी गेलो आणि कडी काढली.

"तिकडं काय आहे?" साहेबांनी विचारलं. शेठांनी रुमाल काढून कपाळ पुसलं. मग ओसरीवरून दगडाबाईंचा आवाज आला. या वेळी त्यात गंमत नव्हती.

"गानगापूर हाय, सायेब. जाऊन दर्सन घ्या."

साहेब उठून आले. दारात त्यांनी नाकाला हात लावला, मग काढला. मला त्यांना बरंच सांगायचं होतं. नियम, सिव्हिल, ईरप्पा. रात्री मनात सगळं लावून ठेवलं होतं असं नाही, पण असायला हवं होतं. त्याऐवजी मी चंद्रव्वाच्या खांद्याखाली आणि कमरेखाली हात घातला आणि म्हणालो, "ती उशी द्या." साहेबांनी उशी दिली. "धरा, अशी, पाठीमागे." त्यांनी धरली. जखम त्यांच्यासमोरच होती. चंद्रव्वा त्यांना कधी आलात म्हणाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी अर्थ सांगितला.

"आत्ताच," ते म्हणाले. उशी सोडली नाही.

साहेब बाहेर आल्यावर शेठ काही सांगायला लागले, त्यांनी हाताने थांबवलं. म्हणाले, "हिला ठेवलंत तर नियम मोडतो. काढलंत तर रस्ता. मी काय लिहू?" त्यांनी ते कुणाला विचारलं कळलं नाही. मग माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्ही इथले रहिवासी ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. शेठ, बजाबाई, ओसरीवरची ओळ. नाही म्हणालो असतो तर एकोणीस. होय म्हणालो तर सरकारी माणसासमोर धडधडीत खोटं, तेही मी ज्या कामावर नेमलेला आहे त्याच कामात.

"होय," मी म्हणालो.

आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललो. साहेबांनी लिहून घेतलं. शेठांनी खाली बघितलं. बजाबाईंनी पदर तोंडाला लावला. त्यांना रडायला काय झालं ते मला कळलं नाही. माझं खोटं पचलं होतं, वीस भरले होते.

साहेब जाताना सांगून गेले की बाईला आजच हॉलमध्ये हलवा, ती खोली पुन्हा माणसासाठी वापरायची नाही. वर लिहितो, म्हणाले. पडून असलेल्यांसाठी एक वेगळी मदतनीस मंजूर करा म्हणून लिहितो. उत्तर काय येईल सांगता येत नाही.

११ जानेवारी, शुक्रवार

चंद्रव्वाची खाट हॉलमध्ये दाराशी लावली, दोन बायका वासाबद्दल भांडल्या, मग दगडाबाईंनी आपली खाट उचलून तिच्या शेजारी आणली. शेठ आले नाहीत.

१५ जानेवारी, मंगळवार

काल संक्रांत. गावातून यात्रेच्या मिरवणुकीतल्या काठ्यांचा गजर इथपर्यंत ऐकू येत नाही, पण रस्त्याने बैलगाड्या दिवसभर जात होत्या. बजाबाईंनी बाजरीच्या भाकरीला तीळ लावले.

शेठ आज आले. डॉक्टर बरोबर होता. जखम धुतली. जाताना मला म्हणाले, "शंकरप्पा, तुम्ही मला बुडवलंच होतं." मी म्हणालो, मी तुमच्यासाठी खोटंही बोललो. ते माझ्याकडे बघत राहिले. काहीतरी बोलणार होते. मग म्हणाले, "थंडी आहे, दुसरी चादर पाठवतो," आणि जीपमध्ये बसले.

२० जानेवारी, रविवार

शिवयोगीचं पत्र आलं. क्वार्टर फारच लहान आहे. उन्हाळा तिकडे कडक असतो, तेव्हा पावसाळ्यानंतर बघू, असं लिहितो. महादेवी ठीक आहे. शेठांना नमस्कार सांगा, त्यांनी दिलेला शब्द पाळला याबद्दल मी ऋणी आहे. कोणता शब्द ते लिहिलेलं नाही. तुमच्या जेवणा-खाण्याचं बजाबाई बघतात हे ऐकून बरं वाटलं. बजाबाईंचं नाव त्याला मी कधी सांगितलं होतं आठवत नाही.

पत्र दोनदा वाचलं. ट्रंकेत ठेवलं. झाकणावरच्या नावाकडे थोडा वेळ बघत बसलो. पेंटरने गावाची जागा मोकळी सोडलेली नाही. नाव मधोमध घातलं आहे.

शेऱ्याच्या पानावर काय लिहावं म्हणून सकाळपासून लेखणी घेऊन बसलो होतो. सदस्याची सही कुठे करायची ते ठरेना. तसंच ठेवलं.

दुपारी पानं मांडली तेव्हा मी अंगणात कडुनिंबाखाली होतो. बजाबाईंनी हाक मारली. हॉलच्या दारातून चंद्रव्वाची खाट दिसते. ती मान वळवून बाहेर बघत होती. मला बघून तेच विचारलं, "यावाग बंद्रि?"

मी नेहमीचं वाक्य सुरू केलं. राहायला नाही, एवढं म्हणालो आणि पुढचं आलं नाही.

"आत्ताच आलो," मी म्हणालो.

ती म्हणाली, मग पाय धुवा, पंगत बसली आहे. दगडाबाईंनी आपल्या शेजारचं पान थोडं सरकवलं.

नळाला पाणी आलं होतं. पाय धुऊन आत गेलो.